सशाने सकाळपासून खाणे सोडले आहे: रात्रभर थांबावे का?

मृण्मयी_सातारा (रात्री 8:50)

नमस्कार. आमच्याकडे चार वर्षांचा एक नर ससा आहे. नाव भुरू, वजन दोन किलोच्या आसपास. एरवी डब्याचे झाकण वाजले की तो पिंजऱ्याच्या दारावर पुढचे पाय टेकवून उभा राहतो. आज मात्र तो जागचा हलला नाही. सकाळचे पेलेट (विकतच्या तयार खाद्याच्या गोळ्या) तसेच पडून आहेत, दुपारी दिलेल्या कोथिंबिरीची काडी त्याने तोंडात धरली आणि टाकून दिली, आणि संध्याकाळी त्याचे आवडते केळे समोर धरले तर त्याने मानच फिरवली. पाठीला बाक काढून आणि डोळे अर्धवट मिटून तो कोपऱ्यात बसला आहे. कान जवळ नेला की दात कराकरा वाजल्याचा आवाज येतो. सकाळपासून लेंड्या मोजक्याच पडल्या आहेत, आणि एरवी हरभऱ्याएवढ्या असणाऱ्या लेंड्या आज मसुरीएवढ्या व कोरड्या आहेत.

त्याचा आहार म्हणजे दोन वेळा वाटीभर पेलेट, लसूणघास, कोथिंबीर आणि अधूनमधून गाजर. वाळके गवत तो फारसे खात नाही. दिवाळीमुळे आमच्या गल्लीत रात्री उशिरापर्यंत फटाके वाजत आहेत, त्याचाही संबंध असू शकेल असे वाटते.

आमच्या भागातील पशुवैद्य मुख्यतः गाई-म्हशी पाहतात. फोनवर ते म्हणाले की एक दिवस न खाल्ल्याने काही बिघडत नाही, सकाळी घेऊन या. सासूबाई ओव्याचे पाणी द्यायला सांगत आहेत. रात्रभर थांबणे योग्य आहे का? त्याला जबरदस्तीने भरवावे का? आणि घरात असलेले माणसांचे एखादे औषध देता येईल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

वाटसरू (रात्री 9:05)

पोटात वायू धरला असावा. आमच्या सशाला असे झाले होते तेव्हा आम्ही लहान मुलांचे ग्राइप वॉटर दिले आणि तो दुसऱ्या दिवशी खाऊ लागला. अंगावरचे केस चाटल्याने पोटात केसांचा गोळा होतो असेही ऐकले आहे. त्यावर अननसाचा रस देतात, कारण त्याने केस विरघळतात.

अरुंधती_पशुवैद्य (रात्री 9:20)

मृण्मयीताई, आधी सर्वांत महत्त्वाचे सांगते: थांबू नका. गाय एक वेळ चरली नाही तर आपण सकाळपर्यंत वाट पाहू शकतो. सशाच्या बाबतीत दहा-बारा तास काहीही न खाणे आणि लेंड्या कमी होणे ही तातडीची अवस्था समजली जाते. मी पुण्यात पाळीव प्राण्यांचे काम करते आणि ‘काल सकाळपासून खात नाही’ असे सांगत आणलेल्या सशांपैकी बरेचसे आदल्या संध्याकाळी आणले असते तर सोपे गेले असते.

कारण असे आहे. सशाचे पोट सतत भरलेले राहावे आणि पुढे सरकत राहावे अशीच त्याची रचना असते. गवतातील जाड तंतू आतड्यांना हालते ठेवतात आणि झटपट लेंड्यांवाटे बाहेर पडतात. बारीक भाग मात्र मागे वळून अंधनाल नावाच्या मोठ्या पिशवीत जातो, आणि तेथील जिवाणू तो आंबवतात. त्यातून तयार होणाऱ्या मऊ, ओलसर गोळ्या ससा बहुधा रात्री किंवा पहाटे थेट गुदद्वाराजवळून तोंडाने उचलून खातो, आणि जिवाणूंनी तयार केलेली प्रथिने व जीवनसत्त्वे त्याला अशी मिळतात. वेदना, भीती, उष्मा किंवा तंतूंची कमतरता यांपैकी कशानेही ही हालचाल मंदावली की आतला ऐवज कोरडा पडतो, अंधनालातील जिवाणूंचा तोल बिघडतो आणि वायू साठतो. पोट दुखू लागते, दुखते म्हणून ससा खात नाही, आणि खात नाही म्हणून आतडी आणखी मंदावतात. त्यात ससा उलटी करू शकत नाही, त्यामुळे पोटात जे अडकले ते वरच्या वाटेने निघत नाही. उपाशी सशाच्या, विशेषतः लठ्ठ सशाच्या, यकृतात चरबी साठून ते निकामी होऊ शकते, आणि त्याला आठवडा लागत नाही.

वाटसरू, आपला हेतू चांगला आहे, पण अननसाचा रस केस विरघळवत नाही. त्यातील विकर (एन्झाइम) काही प्रथिनांवर काम करते, केसांच्या प्रथिनावर नाही. सशाच्या पोटात थोडे केस नेहमीच असतात. आतडी थांबली आणि पाणी आटले की त्यांचा घट्ट लगदा होतो, म्हणजे बहुतेक वेळा गोळा हा परिणाम असतो, कारण नव्हे. ग्राइप वॉटरच्या बऱ्याच प्रकारांत साखर असते, आणि आंबणाऱ्या पोटात साखर नको. ओव्याच्या पाण्याच्या दोन थेंबांनी अपाय होणार नाही, पण ते दिले म्हणून आपण निश्चिंत होऊन झोपतो, हा त्याचा खरा तोटा आहे.

आता मला काही गोष्टी पाहून सांगा. पोटावर दोन्ही बाजूंनी हलका हात फिरवल्यावर ते मऊ लागते की ताणलेले आणि टणक? कान हाताला गार लागतात का? हनुवटीखालची लव ओली आहे का? शक्य असल्यास साध्या डिजिटल थर्मामीटरच्या टोकाला व्हॅसलिन लावून गुदद्वारातून तापमान घ्या. एकाने ससा मांडीवर टॉवेलात नीट धरावा आणि टोक जेमतेम आत जाईल इतकेच सरकवावे. तो धडपडू लागला तर सोडून द्या. साधारण 101 ते 103 अंश फॅरनहाइट ठीक. 100 च्या खाली उतरले तर ससा गंभीर आहे असे समजा.

पोट ताणलेले व टणक असेल तर भरवण्याच्या फंदात अजिबात पडू नका. तेथे अडथळा असू शकतो, आणि बंद वाटेत आणखी अन्न ढकलणे जिवावर बेतते. त्या परिस्थितीत रात्रीच निघावे लागेल.

मृण्मयी_सातारा (रात्री 9:55)

अरुंधतीताई, तत्परतेबद्दल आभार. पोट मऊ आहे, दाबल्यावर थोडा आक्रसतो. कान गार आहेत. तापमान 100 च्या जरा वर आले. हनुवटीखाली हात लावला तर लव चिकट आणि ओली लागली, पुढच्या पायांच्या आतल्या बाजूलाही तसेच आहे. हे आधी पाणी पिताना भिजले असावे असे वाटले होते. आता तुम्ही विचारल्यावर आठवते की गेल्या आठवड्यात तो पेलेट तोंडात घेऊन खाली पाडत होता आणि गाजराचे मोठे तुकडे टाळत होता.

अरुंधती_पशुवैद्य (रात्री 10:10)

मग बरीच दिशा मिळाली. ससा अन्नाकडे येतो, काडी तोंडात धरतो आणि सोडतो, हनुवटी लाळेने भिजलेली असते आणि लाळ पुसून पुढचे पायही चिकट होतात, हे चित्र दाढांच्या दुखण्याचे असते. सशाचे सगळे दात आणि दाढा आयुष्यभर वाढत राहतात. समोरचे दात आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर वाढतात असे धरा. गवत चावताना खालचा जबडा आडवा घासला जातो आणि त्या घासण्याने दाढा झिजतात. पेलेट मात्र खालवर दाबून चुरले जातात, त्यामुळे दाढांच्या कडा असमान राहून त्यांना टोके येतात. खालच्या दाढांची टोके जिभेला टोचतात, वरच्यांची गालाला. समोरचे दात अगदी सरळ दिसत असले तरी मागे हे घडत असू शकते, म्हणून ओठ वर करून पाहिल्याने समाधान मानू नये. फटाक्यांच्या भीतीने आधीच मंदावलेल्या आतड्यांवर या दुखण्याची भर पडली असावी, असा माझा कयास आहे. खात्री तपासणीनेच होईल.

आज रात्री करावयाचे. पहिली गोष्ट ऊब. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून त्याच्या एका बाजूला ठेवा, दुसरी बाजू मोकळी राहू द्या, म्हणजे त्याला नको वाटले तर सरकता येईल. अंग गार असताना भरवू नये. कान कोमट झाले की मग. पाणी उथळ वाडग्यात ठेवा, कारण आजारी ससा बाटलीच्या नळीपाशी जाण्याचा त्रास घेत नाही. कोथिंबीर ओलीच ठेवा.

दुसरी गोष्ट, तुमच्या डॉक्टरांना आत्ताच पुन्हा फोन करा आणि मेलोक्सिकॅम हे वेदनाशामक व सलाइन यांविषयी विचारा. ही दोन्ही औषधे गुरांच्या दवाखान्यातही असतात. वजन नेमके सांगा. सशाला लागणारी मेलोक्सिकॅमची मात्रा दर किलोमागे कुत्र्यापेक्षा जास्त असते, हे अनेकदा लक्षात घेतले जात नाही आणि औषध देऊनही वेदना राहते. शरीरात पाणी कमी असेल तर आधी सलाइन, मग हे औषध. मात्रा त्यांनीच ठरवायची आहे, म्हणून मी येथे आकडा लिहीत नाही.

माणसांच्या कपाटातले काहीही नको. विशेषतः अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन किंवा क्लिंडामायसिन तोंडावाटे गेले तर अंधनालातील उपयुक्त जिवाणू मरतात, घातक जिवाणू विष तयार करतात आणि ससा दगावतो. लहान मुलांच्या वायूवरील सिमेथिकोनच्या थेंबांनी सहसा अपाय होत नाही, तरी त्यांचा फायदा होतोच असा भक्कम पुरावाही नाही.

भरवणे असे. त्याचे नेहमीचे पेलेट कोमट पाण्यात भिजवा, मिक्सरमधून फिरवा आणि चहाच्या गाळणीतून काढा, नाहीतर सिरिंजचे तोंड बुजते. सुई अर्थातच काढून टाकायची. ससा टेबलावर चारही पाय टेकून बसलेला असावा, त्याला पाठीवर उताणा करून कधीही भरवू नये. समोरचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते, तेथून बाजूने सिरिंज सरकवा, अर्धा मिलिलिटर सोडा आणि तो चावून गिळेपर्यंत थांबा. घाई केली की अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. आज पाच-सहा मिलिलिटर गेले तरी पुरे. पुढे दर किलो वजनाला एका वेळी साधारण दहा मिलिलिटर, असे दिवसातून चार-पाच वेळा. हे सगळे पोट मऊ असेल तरच.

पहाटे निघता येत असेल तर शिरवळ तुम्हाला जवळ आहे. तेथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. निघण्यापूर्वी फोन करून सशाच्या दाढा पाहणारे कोणी आहे का, आणि क्ष-किरणाची व भूल देण्याची सोय आहे का, एवढे विचारून घ्या. दिवाळीच्या सुट्टीत ते विचारणे आवश्यकच आहे.

ससेपालक_फलटण (रात्री 10:40)

वरील सल्ल्याविषयी आदर ठेवून एक शंका मांडतो. मी ससेपालन केले आहे, न्यूझीलंड व्हाइट आणि सोव्हिएट चिंचिला जातींचे. आमचे ससे पेलेट आणि लसूणघासावरच वाढत, शिवाय भिजवलेले हरभरेही देत असू, आणि दाढांचा असा आजार मी कधी पाहिला नाही. त्यामुळे सगळा दोष पेलेटवर टाकणे मला पटत नाही. पिंजऱ्यातील ओल, अचानक बदललेला चारा आणि बुरशी यांनी ससे अधिक मरतात, असा माझा अनुभव आहे.

गवतकाडी (रात्री 11:15)

दादा, ओल आणि बुरशीविषयी आपण म्हणता ते शंभर टक्के मान्य. पण मांसासाठी वाढवलेला ससा साधारण तीन महिन्यांत विकला जातो. दाढांना टोके येण्यास, लघवीत कॅल्शियमचा गाळ साठण्यास किंवा लठ्ठपणा येण्यास जो काळ लागतो, तेवढा काळ तो जगतच नाही. घरातला ससा आठ-दहा वर्षे जगावा अशी आपली अपेक्षा असते. लसूणघासात प्रथिने आणि कॅल्शियम भरपूर असतात, म्हणून ती वाढत्या पिलांना आणि गाभण मादीला उत्तम. प्रौढ सशाच्या आतड्यांतून मात्र अन्नातील कॅल्शियम गरजेपेक्षा जास्त शोषले जाते आणि उरलेले लघवीवाटे बाहेर टाकावे लागते. लघवी पांढुरकी व दाट दिसते ती त्यामुळेच. दोघांचे प्रश्न वेगळे, म्हणून दोघांचे अनुभवही वेगळे.

ससेपालक_फलटण (रात्री 11:30)

वयाचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. विचार करण्यासारखा आहे. प्रजननासाठी ठेवलेल्या माद्या आमच्याकडे दोन-अडीच वर्षे असत, पण त्यांच्या दाढा कोणी उघडून पाहिल्या नाहीत, हेही खरे.

वऱ्हाडी_ठसका (सकाळी 7:10)

फटाक्यांसारखेच उष्म्याचेही आहे, म्हणून पुढे हा धागा वाचणाऱ्यांसाठी थोडी भर घालतो. आमच्या नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो आणि ससा घाम गाळू शकत नाही. कानांतून उष्णता बाहेर टाकणे एवढाच काय तो त्याचा मुख्य मार्ग. तापमानाने तिशी ओलांडली की त्याचे खाणे आपोआप कमी होते. कूलर त्याच्या थेट अंगावर न लावता खोलीत लावावा, बसायला शहाबादी फरशीचा तुकडा द्यावा आणि खाण्याची मुख्य वेळ पहाटे व रात्री ठेवावी. तोंड उघडे ठेवून धापा टाकू लागला तर कान ओल्या फडक्याने पुसत लगेच दवाखाना गाठावा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नये.

मृण्मयी_सातारा (संध्याकाळी 6:30)

सर्वांना कळवण्यास आनंद वाटतो की भुरू सुखरूप आहे. रात्री डॉक्टरांना पुन्हा फोन केला, वजन आणि तापमान सांगितले, तेव्हा ते स्वतः घरी आले. त्यांनी कातडीखाली सलाइन आणि वेदनाशामकाचे इंजेक्शन दिले. तासाभराने कान कोमट झाले आणि त्याने सिरिंजमधले थोडे अन्न कुरकुर न करता चघळले.

सकाळी त्याला मोठ्या रुग्णालयात नेले. क्ष-किरण चित्रात अडथळा दिसला नाही. कानात पाहण्याचे दिव्याचे उपकरण गालाच्या आत घालून डॉक्टरांनी दाढा पाहिल्या आणि आम्हालाही दाखवल्या. डाव्या बाजूच्या खालच्या दाढेचे टोक जिभेकडे वळले होते आणि त्याच्या शेजारी जिभेवर पांढरट जखम होती. सलाइन देऊन आणि प्रकृती स्थिर झाल्यावर भूल देऊन ते टोक घासले. सशाला भूल देण्यातील जोखीम कुत्रा-मांजरापेक्षा जास्त असते हे त्यांनी आधीच स्पष्ट सांगितले, आणि माणसांप्रमाणे आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवण्याची गरज नसते, उलट ते अपायकारक ठरते, हेही सांगितले. घरी आल्यावर त्याने पहिल्यांदा पिंजऱ्यात अंथरलेल्या वाळक्या गवताची काडी ओढून खाल्ली. लेंड्या सुरू झाल्या आहेत, अजून लहान आणि वेड्यावाकड्या आहेत.

आता मुख्य प्रश्न गवताचा. टिमोथी गवत ऑनलाइन मिळते, पण ते परवडण्यासारखे नाही. येथे मिळणारे काय चालेल?

गवतकाडी (संध्याकाळी 7:20)

मृण्मयी, सातारा-वाई भागात राहून परदेशी गवताची चिंता करण्याचे कारण नाही. टिमोथी उत्तमच, पण सशाच्या दाढांना हवे असते ते तंतुमय, लांब, चावावे लागेल असे गवत, आणि ते आपल्या माळावर उगवते. मारवेल आणि पवना ही दोन्ही गवते पावसाळ्याच्या अखेरीस फुलोऱ्यावर येताना कापून सावलीत वाळवली तर हिरवट रंग आणि वास टिकतो. उन्हात करपवली की वास जातो आणि ससा तोंड लावत नाही. तुमच्या भुरूला वाळके गवत आवडत नव्हते, त्यामागे दाढेचे दुखणे होते तसा विक्रेत्याच्या जुन्या, धुळकट गवताचाही हात असू शकतो. हरळी ओली आणि वाळलेली दोन्ही चालते. सणासुदीच्या दिवसांत मंडईत दूर्वांच्या जुड्या मिळतात, मात्र त्या कोठून आणल्या आहेत हे विचारावे. सार्वजनिक बागेतील हिरवळीवर औषधे फवारलेली असतात आणि कुत्री फिरतात, ती नको.

ज्वारीचा कडबा कुरतडायला चांगला, त्याची पाने ससे आवडीने खातात, ताटे दातांना काम देतात. तो मुख्य आहार करू नये, आणि कोवळी हिरवी ज्वारी तर मुळीच देऊ नये, तिच्यातील विषारी द्रव्याने गुरेसुद्धा मरतात. भाताचा पेंढा अंथरायला ठीक, पोषण त्यात फारसे नाही. जे काही आणाल ते पोत्यात कोंबून ठेवू नका. जाळीच्या पिशवीत, जमिनीपासून वर टांगा. हाताला दमट लागले किंवा उचलताच बारीक धूळ उडाली तर सरळ फेकून द्या, सशाला त्या बुरशीने श्वासाचा त्रास होतो आणि आपल्यालाही.

नवखी_ठाणे (रात्री 8:05)

मृण्मयीताई, भुरूला शुभेच्छा. माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. भावाने बाजारातून अगदी लहान पिलू आणले आहे, मुठीत मावेल एवढे. तेही कालपासून कमी खाते आणि शी पातळ होते. त्यालाही पेलेटचा लगदा सिरिंजने द्यावा का? घरात गाईचे दूध आहे.

अरुंधती_पशुवैद्य (रात्री 8:30)

नवखी, गाईचे दूध देऊ नका आणि वरची कृती तशीच वापरू नका. पिलू निदान सात-आठ आठवडे आईजवळ असावे लागते, बाजारात त्याहून पुष्कळ लहान पिले विकली जातात. त्या वयात पातळ शीमागे कॉक्सिडिया नावाच्या परजीवीचा संसर्ग फार वेळा असतो आणि पिले काही तासांत कोसळतात. शीचा ताजा नमुना स्वच्छ डबीत घेऊन आजच निघा. मुंबईत परळला बाई साकरबाई दीनशा पेटिट प्राण्यांचे रुग्णालय आहे, ठाण्यातही पाळीव प्राण्यांचे दवाखाने आहेत, जे आत्ता उघडे असेल तेथे जा. तोवर ऊब द्या आणि नवा भाजीपाला काही देऊ नका.

मृण्मयीताई, छान झाले. आता वेदनाशामक डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस पूर्ण द्या, खायला लागला म्हणून मध्येच थांबवू नका. सिरिंजचे खाणे एकदम बंद न करता लेंड्यांचा आकार पूर्वीसारखा होईपर्यंत कमी करत आणा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याला रोज एकाच वेळी तोला आणि आकडा लिहून ठेवा, कारण ससा खात असल्यासारखा दिसतो तरी वजन घटत असते, आणि हे काट्यालाच आधी कळते. पेलेट हळूहळू, दोन-तीन आठवड्यांत, दिवसाला दोन मोठ्या चमच्यांपर्यंत उतरवा आणि केळे-गाजर सध्या बंद. एकदा टोक आलेली दाढ पुन्हा वाढते, काहींना दर काही महिन्यांनी घासावी लागते. पहिली फेरतपासणी सहा आठवड्यांनी करून घ्या, आणि त्याआधी हनुवटी ओली दिसली तर तारखेची वाट पाहू नका.

मृण्मयी_सातारा (रात्री 8:55)

वजन आजपासून लिहायला घेतले आहे: 1 किलो 870 ग्रॅम. मारवेल आमच्या मामांच्या बांधावर आहे, रविवारी कापून आणतो. गल्लीतले फटाके अजून दोन रात्री चालतील, म्हणून पिंजरा आतल्या खोलीत हलवला आहे आणि खिडकीला गोधडी लावली आहे.